कपाटाचा सहा पंचवीसचा मेल

…आणि जुनं असतं ना, तर मी एका शब्दाने बोलले नसते हो! जुन्याने कुरकुर करावी, तो त्याचा हक्क आहे, माझीही कंबर कुरकुरते. पण हे? खोक्यातून काढलं तेव्हा त्यावरचं प्लास्टिक मी माझ्या नखांनी सोलून काढलंय! आणि बसवलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, बरोबर सहा पंचवीसला, उशीखाली फोन टुंग! मेल! 'तातडीचा इशारा. कपाट. जोडीतली एक डिस्क गैरहजर आहे.' गैरहजर! आणि मशीन नवीन कोरं!

थांबा, कपाट म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाईचं लाकडी कपाट मेल पाठवतंय. मी घरांचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात कॉम्प्युटर बघते. आमचे सगळे नकाशे एका सर्व्हरवर असतात. नऊ वर्षांपूर्वी मीच त्याचं नाव 'कपाट' ठेवलं, कारण आमच्या साहेबांना सर्व्हर म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात. 'कपाटात टाका' म्हटलं की लगेच कळतं. नवीन आणलं तेव्हा त्याचंही नाव मी कपाटच ठेवलं. का? तर लोकांना नवीन शिकायला लागू नये! केवढी मी दुसऱ्यांची काळजी करणारी!

तर ह्या कपाटात असतात दोन डिस्क. जे लिहायचं ते दोन्हींवर लिहायचं, एक गेली तर दुसरी आहेच. आणि एक खरंच गेली, तर मशीन स्वतःहून रोज सकाळी मेल करून सांगतं. कुणाला? तर मशीन बसवताना आपण जो पत्ता देऊ त्याला. आणि मी शहाणीने दिला होता ऑफिसचा पत्ता… जो साहेबही वाचतात!

सहा सव्वीसला साहेबांचा फोन. "अहो, हे तातडीचं म्हणतंय. तातडीचं म्हणजे किती तातडीचं?"

"काही नाही साहेब, नवीन आहे, रुळेल."

रुळेल म्हणे! काय नवीन सून आहे का ती?

आणि साहेबांना मी तोंड कसं दाखवणार होते, सांगा ना? कारण त्यांना हे नकोच होतं. त्यांना बाहेरच्या कंपनीचं तयार मशीन हवं होतं, ती विकायला एक कोटवाला आला होता, हसला की सगळे दात दिसायचे. "मॅडमना त्रास नको, आम्ही सगळं बघू. मॅडम आरामात प्रिंटर बघतील." प्रिंटर! नऊ वर्षं ह्या ऑफिसचा एक नकाशा मी हरवू दिला नाही, आणि मी शाई भरत बसू? मी सगळ्यांसमोर सांगितलं, "साहेब, मी लिनक्स नावाची फुकटची सिस्टीम टाकून सर्व्हर बसवते. ते रडत नाही, आजारी पडत नाही, गुमान काम करतं. माझा शब्द." शब्द दिला हो मी! आणि हे गुमान काम करणारं रोज सहा पंचवीसला माझी चहाडी करतंय, थेट साहेबांकडे!

मी मशीनला विचारलं, म्हणजे पडद्यावर, तसं विचारता येतं. बाबा रे, डिस्क किती? दोन. दोघी बऱ्या आहेत? बऱ्या आहेत. मग सकाळी काय झालं होतं? गप्प! माझ्यासमोर साळसूद, आणि मी घरी गेले की मेल!

मग मी वायर बदलल्या. दुसऱ्या दिवशी टुंग. वायर जिथे खोचतात ती जागा बदलली. टुंग. एक डिस्क काढून तिच्या जागी नवी कोरी डिस्क घातली, पाच तास जुनीवरून नवीवर नक्कल चालू, सगळं ऑफिस हात बांधून बसलेलं, आणि येता-जाता सगळे मला म्हणतायत, "झालं का?" झालं. सगळं हिरवं. मी घरी गेले, शांत झोपले, आणि सकाळी सहा पंचवीस… एक डिस्क गैरहजर! अगं मग पाच तास मी हजेरी कुणाची घेतली?

घरी आमची आई. ती आधीच पाचला उठून बसलेली असते. पहिले दोन दिवस म्हणाली, "कुणाचा गं एवढ्या पहाटे?" तिसऱ्या दिवसापासून मला उठवायलाच लागली, "ऊठ, येईल आता त्याचा." त्याचा! शेजारच्या काकू एकदा ऐकत होत्या, तेव्हापासून माझ्याकडे बघून हसतात.

ऑफिसात एकच आधार होता मला, रिसेप्शनवरच्या मावशी. मी गेले की चहाचा कप पुढे करायच्या, "आज पण आला का गं?" "आला हो मावशी." "काय बाई तरी, किती छळायचं माणसाला!" आणि पाठीवरून हात फिरवायच्या. मला भरून यायचं. म्हटलं, एक तरी माणूस आहे माझ्या बाजूचं. हे लक्षात ठेवा हं तुम्ही, ह्या मावशी!

तीन आठवडे झाले. सोमवारी साहेबांनी बोलावलं. ओरडले असते तरी चाललं असतं. हळू आवाजात म्हणाले, "तुमच्यावर विश्वास आहे हो माझा. पण शुक्रवारपर्यंत हे थांबलं नाही तर मी त्या कोटवाल्याला बोलावतो." विश्वास आहे, *पण*!

मग मी नको ते केलं. बुधवारी मशीनमधला तो इशारे पाठवणारा प्रोग्रामच बंद करून टाकला. म्हटलं, तुझी जीभच कापते. गुरुवारी सकाळी? सहा पंचवीस! टुंग! अहो, जीभ कापली तरी बोलतंय!

गुरुवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर मी मशीन बंद केलं, प्लग काढला, आणि तो प्लग पर्समध्ये टाकून घरी आणला. वायरसकट! आईच्या समोर टेबलावर ठेवला. म्हटलं, "आता बघू कसं बोलतं ते."

शुक्रवारी आम्ही दोघी पावणेसहापासून फोनकडे बघत बसलो. सहा वीस… सहा चोवीस… आई पुटपुटत होती… टुंग!

आई म्हणाली, "हे तुझ्या कॉम्प्युटरचं काम नाही, कुणाची तरी दृष्ट आहे." आणि तुम्हाला खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मलाही ते पटलं होतं!

तशीच निघाले. सात वाजता ऑफिस उघडलं. एक माणूस नाही, एक दिवा नाही. नवीन मशीन मेलेलं, मी हात लावून पाहिलं, थंडगार. म्हटलं, तू नाहीस तर मग कोण? तिथेच खुर्चीत बसले आणि रडू यायला लागलं. म्हटलं, आता ह्या टेबलावर शाईच्या बाटल्या येणार. आणि तेवढ्यात कानावर आलं… घुंऽऽऽ.

सगळं बंद, मग हा पंखा कुणाचा? आणि मजा म्हणजे हा आवाज नऊ वर्षं माझ्या कानात इतका बसलेला, की तो चालू आहे हे मला तीन आठवडे ऐकूच आलं नव्हतं! आवाजाच्या मागे मागे गेले, रिसेप्शनपर्यंत. मावशींच्या टेबलाखाली वाकून बघितलं… तर जुनं कपाट! चालू! त्याच्यावर नीट घडी घातलेला टॉवेल, टॉवेलवर मावशींच्या लोकरीच्या सपाता, आणि हात लावला तर कसं छान ऊबदार!

जुनं मशीन पहिल्यापासून तिथेच असायचं. तीन आठवड्यांपूर्वी मीच ते बंद केलं, भंगारवाला येईपर्यंत राहू दे म्हणून तिथेच ठेवलं, आणि प्लग आणि नेटची वायर कोण काढत बसणार म्हणून दोन्ही तशाच सोडल्या. त्याचंही नाव कपाट. त्यालाही तोच पत्ता दिलेला. आणि त्याची एक डिस्क… अहो, ती मीच काढली होती! जुने नकाशे जवळ असावेत म्हणून. रुमालात गुंडाळून माझ्याच खणात ठेवलीय! ते बिचारं रोज सकाळी मलाच सांगत होतं, बाई, माझी जोडीदार गेली, बघ ना. आणि मी नव्याच्या पोटात हात घालत होते.

साडेआठला मावशी आल्या. मी टेबलाखालीच.

"मावशी, हे तुम्ही चालू केलं?"

"मग? पाय गारठतात माझे. नऊ वर्षं ह्याच्यावर पाय ठेवून बसतेय मी. तू बंद केलंस, मी गोल बटण दाबलं. रात्री पण बंद करत नाही, सकाळी थंड लागतं."

"मावशी! रोज मला चहा देऊन विचारत होता, आला का गं मेल!"

"मग विचारू नको? काळजी वाटायची मला तुझी."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू नव्या मशीनबद्दल रडत होतीस. हे तर जुनं आहे!"

बोला! मी टेबलाखालून बाहेर आले.

साहेबांना सगळं सांगितलं. ते हसले, कोटवाला रद्द झाला, माझी लाज राहिली. नव्याचा इशाऱ्याचा प्रोग्राम परत चालू केला. जुन्याची नेटची वायर काढली, रुमालातली डिस्क परत त्याच्या पोटात घातली, आणि राहू दिलं मावशींच्या पायाखाली. शनिवारी सहा पंचवीस… काहीच नाही. शांतता! मी पांघरूण डोक्यावर ओढलं. आयुष्यात इतकं छान पांघरूण मी ओढलं नव्हतं.

सहा एकतीसला फोन. साहेब.

"अहो, आज मेल आला नाही! कपाट मेलं का?"

"साहेब, सगळं ठीक असलं की मेल येत नाही."

"मग सगळं ठीक आहे हे मला कळणार कसं? रोज यायचा तर निदान जिवंत आहे एवढं तरी कळायचं! त्या कोटवाल्याला विचारू का एकदा?"

काय करणार? मी स्वतःच्या हाताने प्रोग्राम लिहिला. रोज सकाळी सहा पंचवीसला मेल, 'कपाट. सगळं ठीक आहे.' तर सोमवारी साहेब म्हणतात, "वर 'तातडीचा इशारा' लिहा, नाहीतर माझ्या नजरेत येत नाही."

तर आता असं आहे. ज्याचं खरंच दुखत होतं ते मावशींचे पाय शेकत गुमान बसलंय. आणि ज्याला काडीची तक्रार नाही, ते रोज सहा पंचवीसला मला झोपेतून उठवून ओरडतं, 'तातडीचा इशारा, सगळं ठीक आहे!' आणि मशीन नवीन कोरं!