हातातले पायमोजे

धाकटी : दार लावून काय बसलीयेस ताई? माझे कपडे आत आहेत.

ताई : कडी नाही लावलेली. ये आणि घे काय हवं ते. आता सगळं तुझंच आहे.

धाकटी : असं काय बोलतेस? सकाळी कंपनीचा फोन आल्यापासून अभिनंदनसुद्धा नाही केलंस.

ताई : आई करतेय ना सगळ्यांच्या वाटचं. ऐक, मावशीला तिसऱ्यांदा सांगतेय. "पहिल्याच मुलाखतीत लागली हो." मला नोकरी लागली तेव्हा "बरं झालं" म्हणाली आणि गॅस बंद करायला गेली.

धाकटी : तुझी नोकरी गेल्यापासून घरात कुणी हसलं नव्हतं गं.

ताई : म्हणजे तेही माझ्याच डोक्यावर.

धाकटी : तुला राग आलाय.

ताई : राग नाही. जळतेय मी. सात वर्षं औषधांच्या गोदामात घासली, कॉलेजच्या ट्रेनिंगसाठी तुलाही तिथे मीच चिकटवलं, आणि एका जागेसाठी दोघी गेलो तर घेतलं तुला. सकाळपासून पोटात दुखतंय माझ्या, खरंखुरं.

धाकटी : अर्ज कर म्हणून तूच मागे लागली होतीस. दोघींपैकी एकीला तरी लागेल म्हणालीस.

ताई : म्हणाले. मला वाटलं, ती एक मी असेन.

धाकटी : तुझी मुलाखत कशी झाली, ते सांगितलंच नाहीस तू.

ताई : आता सांगते. तुझ्यानंतर थोड्या वेळाने मला आत बोलावलं. छान चाललं होतं. मग त्या बाईंनी विचारलं, कामात कधी मोठी अडचण आली का? म्हटलं, हा तर हातचा प्रश्न. सांगायला लागले. वीज गेली, जनरेटर चालू होईना, कोल्ड रूममधली औषधं तापली तर फेकायची. आवारात गार ठेवणारी गाडी उभी होती, ती दाराला लावून सगळी खोकी तिच्यात हलवली. हातमोजे कुलपात, म्हणून मी...

धाकटी : ताई, पुरे.

ताई : म्हणून मी, एवढंच म्हणाले, तर ते चष्मेवाले साहेब म्हणतात, "पायमोजे घातलेत का हातात?" आणि तिघं एकमेकांकडे बघून हसले.

धाकटी : मला माहीत नव्हतं, तुलाही तोच प्रश्न विचारतील म्हणून.

ताई : आयुष्यात एकदा काहीतरी धड केलं होतं मी. तेही चोरीचं ठरलं. पुढे एक प्रश्न नाही. "कळवू" म्हणाले.

धाकटी : मग त्याच दिवशी का नाही बोललीस?

ताई : वाटलं, तुझी थाप पचणार नाही, तुलाही लागणार नाही. मग कशाला तोंड वाजवायचं?

धाकटी : ठरवून नाही केलं गं. सरावाला तू रोज मला साहेब करून समोर बसवायचीस आणि तीच गोष्ट सांगायचीस. माझी पाठ झाली. तिथे तोंड उघडलं आणि तीच आली.

ताई : पायमोज्यांसकट.

धाकटी : पायमोज्यांसकट. आणि खरं सांगू? सरावातही मी जळायचेच तुझ्यावर. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाहीच. मी तर तिथे ऑफिसात पंख्याखाली बसून बिलं टाइप करत होते.

ताई : आयत्या बिळावर नागोबा.

धाकटी : त्यांना फोन करून खरं सांगू? गोष्ट तुझी आहे म्हणून?

ताई : सांग. मग तुलाही काढतील आणि मलाही बोलावणार नाहीत. आईला पुन्हा सगळ्यांना फोन करत बसावं लागेल.

धाकटी : त्यांनी मला कोल्ड रूमच दिलीय. त्या गोष्टीमुळे. सोमवारपासून.

ताई : जा मग. बस गारव्यात.

धाकटी : ताई, मी कधी आतसुद्धा गेले नाहीये. ते दार मागून लागलं तर आतून कसं उघडतात?

(बाहेर आई फोनवर चौथ्यांदा तेच सांगू लागते.)

ताई : आतल्या बाजूला एक गोल दांडा असतो. ओढायचा नाही, तळहाताने ढकलायचा. पहिल्याच दिवशी, कुणी सोबत असताना, दोनदा उघडून बघायचा. लाजायचं नाही.

धाकटी : ढकलायचा.

ताई : आणि ओल्या हाताने लोखंडाला शिवायचं नाही. हातमोजे कुठे ठेवतात, ते आधी विचारून घे. पायातले वापरायची वेळ आणू नकोस.

धाकटी : बरं.

ताई : कपाटात वरच्या कप्प्यात माझा जाड स्वेटर आहे. निळा. तो घालून जा.

धाकटी : तुझा कामावरचा? मी नवीन घेईन गं.

ताई : घे पहिल्या पगारातून. तोवर तो वापर. पण परत कर. मला लागणार आहे तो.