मोहरीएवढी भोकं

वैनगंगेच्या काठी आम्ही डोंग्याची वाट पाहत रांगेत उभे होतो. माझ्या पुढे एक नवराबायको होते. त्याच्या हातात लांब बांबूला ठोकलेला डबा होता आणि डब्याच्या बुडाला खिळ्याने पाडलेली भोके होती.

“माह्या तेलाचा डबा फोडताना मले विचारलं काऊन नाही?”

“फोडला कुठं? रेती चाळाचा झारा केला. पाण्यात हलवला का रेती गळते, पैसा आत राहते.”

“कोणता पैसा?”

“यात्रेत लोकं नदीत टाकतेत तो.”

“त्याच्यासाठी एवढी बारीक भोकं?”

“नवा पैसा बारका आहे ना वं.”

“मोहरीएवढा?”

“हळू बोल. लोकं पाहून राहिले.”

“पाहू द्या. कोणत्या घाटावर चालले तुमी?”

“पलीकडच्या.”

“जिथं माह्या मायची राख सोडली, त्या?”

“राख तर सगळ्याईचीच सोडतेत तिथं.”

“माह्या गळ्यातल्या पोतीतला सोन्याचा मणी तोडून मी तिच्या तोंडात ठेवला, तवा तुमी बाजूलेच उभे होते. तवाच भोकाचं माप घेतलं काय?”

“मेलेल्या माणसाले सोन्याचं काय काम? रेतीत पडूनच राहीन ना तो.”

“बरं. जा. चाळा.”

“आता चिडली काऊन?”

डोंगा काठाला लागला. ती रांगेतून बाजूला झाली.

“सापडला तर जपून ठेवजा. तुमच्या तोंडात घालाले माह्याजवळ दुसरा नाही.”