आत्यासाठी उठलेली माणसं

या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या बँकेचेही अध्यक्ष, म्हणजे ज्यांना दोनदा नमस्कार करावा लागतो असे आदरणीय महोदय. व्यासपीठावरचे उपव्यवस्थापक साहेब आणि संचालक मंडळी. पहिल्या रांगेतल्या वहिनी. मधल्या रांगांतला, चहाच्या वासाने अस्वस्थ झालेला कर्मचारीवर्ग. अगदी मागे बसलेले डोंगरावरच्या वस्तीचे माझे आदिवासी स्नेही. आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो, पण जे स्वतः इथून पळून जायची वाट शोधताहेत, ते आमचे कर्जअधिकारी. सर्वांना नमस्कार.

मी यंत्रं विकणारा माणूस. धान्य सोलायची, पाखडायची, दळायची. निरोपाच्या भाषणाला मला का बोलावलं हे ठाऊक नाही. बहुधा माझ्या यंत्रांचे पैसे बँकेकडे अडकलेत, तेव्हा मी गोडच बोलेन असा हिशेब असावा. प्रयत्न करतो.

मघाशी उपव्यवस्थापक साहेबांनी कर्जअधिकाऱ्यांचा गौरव करताना ‘कार्यतत्पर’ हा शब्द वापरला. साहेब, क्षमा करा, हा माणूस तत्पर कधीच नव्हता. बाकीचे अधिकारी वस्तीवर यायचे ते गाडीचं दार उघडं ठेवून बोलायचे. हे मात्र गेले की जमिनीवर मांडी घालायचे आणि संध्याकाळपर्यंत उठायचे नाहीत. वस्तीवर यांचं नाव पडलं मांडीसाहेब. वहिनी, तुम्हाला हे पहिल्यांदाच कळत असेल तर घरी वापरायला हरकत नाही.

त्यांना बसावं लागे, कारण वस्तीची रीतच तशी. तिथे हात वर करून मतं मोजत नाहीत. एखादी गोष्ट पटली की सगळे एकदम उठतात, अंग झटकतात आणि आपापल्या कामाला जातात. एक जण जरी बसून राहिला, तरी उठलेले परत खाली बसतात. चर्चा पुन्हा पहिल्यापासून.

डोंगरात पिकणारं भरड धान्य तिथेच सोलून, दळून, पिशव्यांत भरून विकायचं, केंद्र वस्तीच्या मालकीचं, भांडवल बँकेचं, ही योजना अशीच मंजूर झाली. सगळे उठले. माझी यंत्रंही वर गेली. भिंती झाल्या. आणि छपराच्या वेळी मुख्य कार्यालयाला आठवलं, की शेवटच्या हप्त्याआधी डोंगराचा उतार गहाण लिहून घ्यायचा राहिलाय.

तेव्हा आत्या बसून राहिली.

आत्या म्हणजे साऱ्या वस्तीची आत्या. तंबाखू मळत बसलेली असायची आणि माझ्याकडे बघून म्हणायची, “हा आला यंत्रवाला. याला घाई फार, याच्या यंत्राला आवाज फार.” प्रत्येक सभेत बाकीचे उठायचे, आत्या बसलेली. शेवटी मांडीसाहेबांनी विचारलं, “आत्या, केंद्र नको का तुला?”

“हवं की. पोरींचे हात सोलवटतात कांडून कांडून. पण उतार नाही लिहून द्यायचा. तू तुझी बँक लिहून देशील का कुणाला?”

“बँक माझी कुठंय? ठेवीदारांची आहे.”

“उतारही तसाच. फक्त आमचे निम्मे ठेवीदार अजून जन्मायचेत.”

मांडीसाहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. खाली येऊन त्यांनी मुख्य कार्यालयाला कळवलं, उतार वगळा, यंत्रं तारण घ्या. कार्यालयाने विचार करतो म्हटलं. विचार चालू असतानाच आत्या गेली.

पुढची सभा आपल्या सर्वांच्या स्मरणात असेल. अध्यक्ष महोदय स्वतः वर आले होते. उपव्यवस्थापक साहेबांनी गहाणखताचा प्रस्ताव वाचून दाखवला. आता आत्याच्या जागी सगळी वस्ती बसून होती. मग अध्यक्षांना कुणीतरी कानात सांगितलं की इथल्या एक वृद्ध भगिनी नुकत्याच वारल्या. अध्यक्ष हळहळले. मी शेजारीच होतो, ते मनापासूनच होतं. ते म्हणाले, दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहूया.

कुणी हललं नाही. सगळे मांडीसाहेबांकडे बघू लागले. ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, “उठा, आत्यासाठी आहे.”

सगळे उठले. आत्याची जागा तेवढी तशीच रिकामी होती.

चार दिवसांनी मी मांडीसाहेबांच्या केबिनमध्ये होतो. उपव्यवस्थापक साहेबांचा फोन आला. आवाज इतका आनंदी, की मलाही ऐकू येत होता. “अभिनंदन, प्रस्ताव एकमताने मंजूर. तुम्हीच तर शिकवलंत आम्हाला, उभे राहिले म्हणजे होकार. सही करून पाठवा.”

मला आजही वाटतं, साहेबांनी लबाडी केली नाही. त्यांनी दुसऱ्यांची रीत शिकून घेतली, फक्त अर्धीच. आपल्याकडे तेवढ्यावर बढती मिळते.

मांडीसाहेब म्हणाले, “साहेब, त्यांना मी उठवलं होतं. आत्यासाठी.” आणि सही केली नाही. मग समजूत काढली गेली, मग बदलीचं बोलणं झालं, मग स्वेच्छानिवृत्ती. यातली इच्छा कुणाची, असा प्रश्न सत्काराच्या दिवशी विचारू नये.

वहिनी परवा मला म्हणाल्या, “हल्ली घरातसुद्धा खुर्चीतून उठताना थांबतात हो. म्हणतात, कुणी काही समजायचं.” वहिनी, तुम्ही हे सांगितलंत म्हणून ते रागावले तर माझ्यावर ढकला.

आज वर भिंती उभ्या आहेत, छप्पर नाही. माझी यंत्रं ताडपत्रीखाली आहेत, पोरी अजून हातानेच कांडताहेत. आणि सोमवारी नवे कर्जअधिकारी येताहेत. तरुण आहेत, तत्पर आहेत असं ऐकतो. उतार लिहून घेतला की माझे पैसे सुटतील, तेव्हा मला दुःख व्हायचं तसं काही कारण नाही. तरी होतंय. काय करावं?

थोड्याच वेळात आपल्याला सांगण्यात येईल, की सत्कारमूर्तींना उभं राहून, टाळ्यांच्या गजरात निरोप द्या. मागच्या रांगा तेव्हा उठणार नाहीत. कृपा करून त्याला उद्धटपणा समजू नका. त्यांच्या रीतीप्रमाणे उठले, तर हे जाणं त्यांनी मंजूर केलं असं होईल. उताराचंही तसंच, त्यासाठी ते अजून उठलेले नाहीत. नव्या साहेबांना हे कुणीतरी सांगा. पूर्ण सांगा.

इथे बोलू दिलंत त्याबद्दल बँकेचा आभारी आहे, आणि चहा निवू दिलात त्याबद्दल तुम्हा सर्वांचा. जीभ कुठे घसरली असेल तर पदरात घ्या. तुम्ही उठलात तर कशासाठी उठताय, ते एकदा मनाशी म्हणून उठा.

मी मागे जाऊन बसतो. आत्याच्या माणसांशेजारी एक खुर्ची रिकामी दिसतेय.