शनिवारचं बार्बेक्यू

— आणि ते लाल सॉस ओतू नकोस त्यावर, थांब! आधी कोरडाच एक घास खाऊन बघ. मग हवं ते कर, ताट तुझं आहे, मी कोण सांगणारी — पण फोटो काढून झालेत ना आता? मग खा की. गार झालं की चरबी टाळूला चिकटते, मग म्हणशील म्हातारीने सांगितलं नाही. काय? हो, ऐकत होते मी मघापासून. त्या काउंटरवरच्या पोरीला विचारत होतास ना, पुढचं चांगलं बार्बेक्यू कुठे मिळेल म्हणून? तिला काय विचारतोस बाळा, तिचा जन्म या डोंगरात गेला, टोमॅटोच्या सॉसपलीकडे तिला जग नाही. मला विचार. ऑरेंजबर्गकडे गेलास तर पिवळं, मोहरीच्या सॉसचं. किंगस्ट्रीच्या बाजूला व्हिनेगर आणि लाल मिरची, बाकी काही नाही. आणि हे लक्षात ठेव — हॉटेलच्या मागे लाकडाचा ढीग दिसला नाही तर गाडीतून उतरूच नकोस. ढीग दिसला, पण त्यावर कोळ्यांची जाळी असली, तरी उतरू नकोस! शोभेला ठेवतात लेकाचे, आत गॅसवर शिजवतात.

सगळं साउथ कॅरोलायना पालथं घातलंय मी. समुद्रापासून थेट इथपर्यंत. एकटीच — हो, एकटीच, त्यात काय? आधी वेंडेल गाडी चालवायचा. वेंडेल, माझा नवरा. त्याला बार्बेक्यू आवडायचंसुद्धा नाही रे, जाईल तिथे तळलेली कोंबडी मागवायचा मेला! पण शनिवार उजाडला की किल्ली घेऊन दारात उभा. तो गेला तेव्हा म्हटलं, आता बंद करू हे. आणि मग पहिला शनिवार आला — घरात फ्रिजची घरघर, बाकी काही नाही. मी बसले, उठले, परत बसले. शेवटी निघाले. मुलगी शार्लटला असते, ती फोनवर ओरडते, मम्मा, डॉक्टर काय म्हणाले आठवतंय ना, चर्चमधल्या बायकांबरोबर गोधड्या शिवत बस की जरा. तिला सांगितलंय, छंद आहे म्हणून. लोक नाही का पक्षी बघत हिंडत? तसंच. छंदच आहे.

कुठे बघतेय? कुठे काय — ते आतलं दार बघतेय, उघडं राहिलं की धूर येतो इकडे. तू खा. नाही, कुणाची वाट नाही बघत मी... बरं, एक सांग, खरं सांग हं, मला बरं वाटावं म्हणून नको. घास गिळल्यावर, अगदी शेवटी, जिभेच्या मागे काही लागतं का? गोडसर? लवंगेसारखं? लागतं? लागतं ना! नीट सांग — लागतं? अरे देवा. म्हणजे मला भास नाही झाला.

नाही, रडत नाहीये, धुराने होतं. ऐक. आमच्या डॅडींची भट्टी होती, तिकडे पॅम्प्लिकोच्या बाहेर. अख्खं डुक्कर ओकच्या लाकडाच्या निखाऱ्यांवर, व्हिनेगर आणि मिरची, बास. त्यांच्यापुढे साखरेचं नाव काढायची सोय नव्हती. आणि थर्मन — माझा भाऊ, माझ्याहून मोठा — तो काय करायचा, आईच्या पीचच्या लोणच्याच्या बरणीतला रस चोरून त्या व्हिनेगरमध्ये ओतायचा. लवंग घातलेला असायचा ना तो रस. बरणी आणून कोण द्यायचं? मीच! गिऱ्हाइकं बोटं चाटायची, डॅडी म्हणायचे, बघा, आमच्या लाकडाची करामत! आणि आम्ही दोघं भट्टीमागे तोंडं दाबून हसायचो. हे आईलाही ठाऊक नव्हतं, डॅडींनाही नाही. जगात फक्त दोघांना.

मग एका चार जुलैला — स्वातंत्र्यदिनाची गर्दी ही एवढी, थर्मन दोन रात्री झोपलेला नाही, आणि पहाटे भट्टीपाशीच डोळा लागला त्याचा. चरबी निखाऱ्यांवर सांडली, भडकली, वरचं छप्पर गेलं, सगळी डुकरं जळून कोळसा. सगळ्या गावासमोर डॅडी म्हणाले, पुन्हा तोंड दाखवू नकोस. थर्मन तसाच वळला. रस्त्यावर गेला, कुणाचा तरी ट्रक थांबवला, चढला. मी पंधरा वर्षांची होते, मागे धावले, तर त्याने नुसता हात दाखवला, घरी जा म्हणून. तो शेवटचा. पत्र नाही, फोन नाही, काही नाही. आई गेली तरी कळलं नसेल त्याला. आणि डॅडी — ते अंथरुणावर होते तेव्हा त्यांना काळवेळेचं भान राहिलं नव्हतं. रोज संध्याकाळी विचारायचे, अर्लीन, थर्मनने जाळ लावला का? मी म्हणायचे, लावला, डॅडी. मग म्हणायचे, त्याला सांग थोडं झोपून घे, मी बघतो भट्टीकडे. रोज हेच. आणि मग शांत झोपायचे.

एवढंच सांगायचंय मला त्याला. बाकी काही नको.

हिशेब मी असा केला — तो पळाला असेल कुठेही, पण करणार काय? दुसरं काही येतच नव्हतं त्याला. म्हणून खात फिरते. मागच्या वर्षी न्यूबेरीजवळ अशीच चव लागली, तशी ताट टाकून थेट भट्टीपाशीच गेले मी. बघते तर भट्टीवाला तिशीतला, आणि ती दालचिनी होती. तरी पुढे कितीतरी शनिवार मी तिथेच जात राहिले. का, तर तो म्हणायचा, या, मिस अर्लीन. आठवडाभर माझं नाव दुसऱ्या कुणी घेतलेलं नसायचं रे.

म्हणून आज मी त्या काउंटरवरच्या पोरीला विचारलं, भट्टीवर कोण आहे? म्हणाली, अंकल टी, मी जन्मायच्या आधीपासून आहे, कुणाशी फार बोलत नाही. मी म्हटलं, त्याला सांग, बाहेर अर्लीन बसलीये. तर म्हणते, मांस कापतोय, हात मोकळे झाले की सांगते. केव्हाच आत गेलीये ती. आता वाटतं, उगाच सांगितलं. तो नसलाच तर — ठीक आहे, सवय आहे, पुढच्या शनिवारी दुसरीकडे. पण तो असला आणि म्हणाला, मी कुणा अर्लीनला ओळखत नाही, तर? मग पुढच्या शनिवारी मी कुठे जायचं?

चाव्या कुठे ठेवल्या मी... नाही, जातेच मी. तू सांग तिला, म्हातारीला बरं वाटेनासं झालं —

थांब. वळू नकोस. वळू नकोस म्हटलं ना! दारात कुणीतरी आलंय. ॲप्रन सोडतोय. किती वाकलाय... डॅडींसारखाच उभा राहिलाय, एक खांदा खाली टाकून. एकेका टेबलाकडे बघतोय. माझ्याकडे बघितलं त्याने — आणि नजर पुढे गेली. पुढे गेली रे. त्या खिडकीपाशी बसलेल्या मुलीकडे बघतोय. तो... तो अजून पंधरा वर्षांच्या पोरीला शोधतोय.

ऊठ, बाळा. ताट घे आणि तिकडे बस. नाही, काही बोलू नकोस आता, ऊठ —

थर्मन!