बंदुकीतला चुरा

बिभीषण : आणखी एकदा चिंधी फिरवा, तात्या. घाण आसंल, दुसरं काय?

गहिनीनाथ : घाण काळी आसती बे. हे चमकायलंय. माझ्या डोळ्याला दिसंना, तूच बघ.

बिभीषण : बारीक टिकल्या हायत. गंज आसंल की. वरीसभर आढ्याला टांगल्याली बंदूक.

गहिनीनाथ : गंज तांबडा. बोटात चुरला की भुगा व्हतो. चुर.

बिभीषण : स्स... बोटात घुसली. रगत आलं.

गहिनीनाथ : मंग गंज न्हवं. पिवळी हाय का? काडतुसाचं पितळ आसलं तर भ्याचं कारण न्हाई.

बिभीषण : पांढरी हाय.

गहिनीनाथ : नख रोव. शिशात नख रुततं.

बिभीषण : न्हाई रुतत. तात्या, दिवस कललाय. मावळायच्या आत झाडावर बसाया पायजे. पुसा अन् द्या ना!

गहिनीनाथ : निजामाच्या फौजेत उमर गेली माझी बंदुका पुसण्यात. लोखंडातून लोखंड गळाय लागलं तर पुसून भागत न्हाई. कडूबाई, पानी तापलं का गं?

कडूबाई : तापलंय, मामंजी. घंगाळभर हाय. हे घ्या.

गहिनीनाथ : नळीत वततो. बिभीषणा, खाली फडकं धर.

कडूबाई : मामंजी, तुमी तरी सांगा ह्यांना. साखरी सकाळपून दऱ्यात पडलीय. तिला घरी आणू द्या.

बिभीषण : कितींदा सांगू तुला? तिला उचललं तर बिबट्या कशाला येईल? राती अर्धं टाकून गेलाय त्यो. आज येणारच.

कडूबाई : लेक हाय ती. बांधल्याली शेळी न्हवं.

बिभीषण : मला कळत न्हाई का? मी बाप न्हाई का तिचा?

गहिनीनाथ : गप बसा दोघं. फडक्यावर काय आलं?

बिभीषण : नुसतं काळं पानी. टिकली एक बी न्हाई.

गहिनीनाथ : मंजे नळी धड हाय. चांगलं झालं. चुरा मागून येतोय. ती खिटी काढ, काडतुसाच्या मागं बसती ती. तिला दोन कान आसतात, त्येच बाराचा दणका धरून ठिवतात. बोट फिरव.

बिभीषण : एक लागला. दुसऱ्या जागी... तात्या, दुसऱ्या जागी नुसती धार हाय.

गहिनीनाथ : तुटला.

बिभीषण : आसा कसा तुटला?

गहिनीनाथ : गेल्या साली भगवानराव पाटलाच्या लेकाच्या वरातीला नेलती. काडतुसात दाबून दारू भरून बार काढले, आवाज मोठा पायजे मनून. हौसेला मोल न्हाई मंतात.

बिभीषण : एक कान हाय की अजून. मला एकच गोळी पायजे.

गहिनीनाथ : त्या कानाला बी चीर गेलीय. हात लाव. बार काढलास की खिटी मागं येईल, थेट तुझ्या डोळ्यात.

बिभीषण : येऊ द्या.

गहिनीनाथ : अन् बिबट्या तसाच निघून जाईल. आंधळा तू व्हशील, त्यो न्हाई.

बिभीषण : पाटलाकडं दुसरी बंदूक हाय.

गहिनीनाथ : पाटील मोमिनाबादेला गेलेत, बंदुकीसकट. म्या सकाळीच माणूस धाडला व्हता.

बिभीषण : धारूरचा लोहार?

गहिनीनाथ : जोडून दील. जोडल्यासारखं दिसंल बी. पर एका बाराला टिकायचं न्हाई. अन् जाऊन येईस्तवर सकाळ व्हईल.

बिभीषण : मंग आज काय करायचं?

गहिनीनाथ : काय बी न्हाई, बाळा.

बिभीषण : मंजे दिसभर तिला उगीच ठिवली तितं? उन्हात? हिनं पाय धरले माझे, तरी म्या न्हाई मनलो. त्यो उद्या दुसऱ्या कुणाच्या वाड्यावर जाईल, अन् म्या माझी लेक...

कडूबाई : उठा. उजेड हाय तवर जाऊन येऊ. माझं जुनं लुगडं घेतलंय गुंडाळायला.

गहिनीनाथ : म्या बी येतो. बंदूक राहू दे हितंच. काठ्या घ्या. कडूबाई, त्ये उरलेलं पानी दे वतून, वाटंत घंगाळाला पाय लागंल कुणाचा.

कडूबाई : राहू द्या, मामंजी. साखरीला न्हाऊ घालाया लागंल.