कोऱ्या कागदावरची सही

हे मी कोणाले सांगतलं नाही, बायकोलेही नाही, उद्या सांगू उद्या सांगू म्हणता म्हणता नऊ वर्षं गेली, आता तुमी वही घेऊन बसले म्हणून सांगतो.

मी मूळचा कामरगावचा, पण पोट भरलं रिसोडात, स्टँडवर पेपर विकून. पहाटे पेपरची गाडी यायची, धुक्यातून आधी दिवे दिसायचे, मंग आवाज, अन् गठ्ठ्याले हात लावला की कागद गरमच आहे असं वाटे. दिगंबरभाऊचा पेपर मात्र शुक्रवारी यायचा, चार पानांचा, आठवड्यातून एकदा. केनवडचा माणूस, लिहायचा तोच, छापायचा तोच, गठ्ठा खांद्यावर आणून द्यायचा तोच. मले म्हणे, काका, तुमी माझे पह्यले वाचक, चूक असंन तर सांगा. मी म्हणो, तुमचा पेपर वाचता वाचता लोकांचा चहा थंडा होते, हेच चुकते.

एकदा भाऊनं नळयोजनेचं छापलं. तोटीले हार घातला, पुढाऱ्यानं तोटी फिरवली, पाणी आलं, टाळ्या झाल्या. भाऊनं मागून फोटो काढला, पाइप टँकरले जोडलेला. सकाळी नऊच्या आत पेपर संपला, सारं स्टँड हसून राह्यलं होतं. ते हसणंच वरच्यांले झोंबलं.

आता पंच म्हणजे काय तेही सांगतो. पोलिसांनी कुठं छापा घातला, काही जप्त केलं, तर गावातले दोन माणसं साक्षीले लागतात, हे आमच्यासमोर झालं म्हणून सही करायले. माझा ठेला ठाण्याजवळ, म्हणून जमादार मलेच हाक मारे. दारूच्या केसा, जुगाराच्या केसा, जागेवर न जाता कितीतरी सह्या केल्या मी, आमच्याकडं तसंच चाले, कोणाले त्यात पाप वाटत नव्हतं. नळाचं छापलं त्याच्या पुढच्या सोमवारी जमादार म्हणे, काका, दोन कोऱ्यावर करा, मजकूर मागून टाइप होईन. मी म्हणलं, कोणाचं आहे? तो म्हणे, तुमाले कायले पाह्यजे, चहा घ्या. मी चहा घेतला अन् सही केली.

दोन दिवसांनी समजलं, भाऊच्या छापखान्यात दंगा पेटवणारी पत्रकं सापडली म्हणे, अन् माझ्यासमोर सापडली. मी तर त्या वेळेले ठेल्यावर होतो. छापखान्याले सील लागलं, भाऊ अडीच महिने आत.

कोर्टात वकिलानं विचारलं, तुमी तिथं होते का? जमादार दारात उभा, सकाळीच म्हणला होता, काका, स्टँडवरचा ठेला कोणाच्या मेहेरबानीनं आहे ते ध्यानात ठेवा. मी म्हणलं, होतो. भाऊ मले पाहून राह्यले होते, रागानं नाही, काय सांगू तुमाले, चूक असंन तर सांगा म्हणताना पाहत, तसंच.

दुसरा पंच खरं बोलला म्हणून भाऊ सुटले, पण मशीन गंजून गेलं. मंग बाकीच्या पेपरांतही हार अन् वाढदिवसच राह्यले. मोबाइलवर कोणी नळाचं टाकलं तर ठाण्यातून फोन येते, काढून टाका. लोक चहावर बोलता बोलता आवाज बारीक करतात, मले पाहून तर गपच होतात. हुकूम कोणी काढला नाही. ज्याच्या त्याच्या समोर एकेक कोरा कागद आला असंन.

मले पहाटे सपन पडते. धुक्यातून गाडी येते, मी गठ्ठा सोडतो, पेपर सारा कोरा. लोक तरी घेतात, पानं पलटतात, वाचल्यासारखी मान हलवतात. खाली कोपऱ्यात माझी सही तेवढी.

मागच्या दिवाळीनंतर केनवडले गेलो. भाऊ अंगणात सोयाबीन वाळवून राह्यले होते, वैनीनं चहा दिला. भाऊ म्हणे, काका, पेपर विकता का अजून? मी म्हणलं, विकतो. काय येते त्याच्यात? मी म्हणलं, काही नाही. ते हसले, परतीची जीप आली, अन् भाऊले द्यायले लिहून नेलेला कागद खिशातच राह्यला.

केनवडची जीप अजूनही रोज माझ्या ठेल्यासमोरून सुटते. ड्रायव्हर विचारते, काका, येता का? मी म्हणतो, उद्या. हा पाहा तो कागद, घड्यांवर फाटून राह्यला. खाली सही माझीच आहे, पण या खेपेले वर मजकूरही मीच लिहिला: भाऊ, त्या दिवशी मी तिथं नव्हतो, मले माफ करा.