अजिंक्यच्या पाठीमागची भिंत

न्हाई ग, स्टेशनाजवळच्या हाटेलात अजिबात बसायचं न्हाई — बाहेर जेवणाचे रंगीत फोटू लावलेले असत्यात ना, तिथं नुसते पावणे जेवत्यात, गावातलं माणूस फिरकत न्हाई. बस की तू, उभ्या उभ्या काय ऐकतीस. खोलीची चावी ठेव त्या फळीवर. गाडीला येळ हाय अजून. कंपनी काय, तिकीट देती, तिकडं राहायला खोली देती, पण इटलीत जाऊन पोरीनं जेवायचं कुठं ते कोण सांगणार — मीच सांगणार. हसतीस व्हय, तनुजा? हस. मारुंजीची ही घरमालकीण, शालनबाई, हिनं बोरघाट उतरून खालचं गाव बघितलं न्हाई अन ही तुरीन सांगायला बसली. पण माझा अजिंक्य चार वर्सं तिथं गाड्यांच्या कंपनीत हाय, अन त्या शहरातली चांगली हाटेलं मी समदी बघितलीत. म्हंजी, आतनं बघितलीत. भिंतीपुरती.

आता ऐक. तू मटण-मासळी खात न्हाईस, तवा तुला फरिनाता. हरभऱ्याच्या पिठाचं असतं, आपल्या बेसनाच्या पोळ्यावाणी, पण तव्यावर न्हाई, मोठ्या परातीत वतून भट्टीत घालत्यात, वरनं मिरपूड. लाल भिंतीच्या हाटेलात मिळतं — लाल भिंत, अन तिच्यावर सायकलवाल्याचा जुना फोटू, मिशा हायेत त्याला. बाहेरनं कसं दिसतं? बाहेरनं मला काय ठाऊक, मी दार कुठं बघितलंय. अजिंक्य जेवताना व्हिडिओ लावून पाण्याच्या बाटलीला फोन टेकवून ठेवायचा, त्याच्या डोक्यामागं जी भिंत दिसंल ती माझी. त्यावरनंच मी नावं ठेवली — लाल भिंतीचं, घंटेचं, आरशाचं. आरशाचं लई आवडायचं मला, आरशात बाकीची माणसं पण दिसायची. एक म्हातारा असायचा, रोज एकटाच सूप प्यायचा, मान खाली घालून. त्याला मी बघत बसायची. तिथं बारक्या करंज्या मिळत्यात, उकडलेल्या, आत मटण — तू पालकाच्या माग, पालकाच्या असत्यात. टेबलावर आधी पिठाच्या लांब काड्या आणून ठेवतील, कुरकुरीत, त्यावरच पोट भरू नको. अजिंक्य पहिल्या दिवशी तेच करून बसला, मग जेवणाचं ताट आलं तर नुसता बघत राहिला.

अन दुपारचं जेवण येळेत. तू आपली हिंजवडीत मीटिंग झाल्यावर चार वाजता डबा उघडतीस, तसं तिथं चालायचं न्हाई — दुपारी एकदा का चूल विझली की थेट रातच्यालाच पेटती. मधी भूक लागली तर बस कॉफी पीत. पाणी मात्र विकत घेऊ नको. रस्त्यावर हिरवे नळ हायेत, नळाला बैलाचं तोंड हाय, बैलाच्या तोंडातनं पाणी पडतं, गार. अजिंक्यनं मला दाखवला की फोनवर — म्हणला आई, बघ, आपला हरण्या. हरण्या आमचा शर्यतीचा बैल, मालक होते तवाचा. तू राहतीस ना त्या खोलीच्या जागी गोठा होता. असू दे, तुला कशाला सांगत बसले.

तुला नवल वाटायचं ना, शालनकाकू दुपारचं ताट पाच वाजता कशी काय करती? तू एकदा विचारलंस पण, मी म्हणले पित्ताचं औषध हाय. औषध कसलं. आमच्या सासूची शिस्त होती, घरातला गडी जेवल्याबिगर बाईनं घास तोंडात घालायचा न्हाई. मालक होते तवर मालक. ते गेले, मग घरातला गडी कोण, तर अजिंक्य, अन तो तुरीनला. मग तुरीनला दुपार व्हायची वाट बघायची. थंडीत ते लोक घड्याळ तासभर मागं घेत्यात, मग माझं ताट तासभर पुढं जायचं, पाचाचं सहाला. त्याला ठाऊक होतं, आई उपाशी बसली असंल — कंपनीत फोन आत नेता येत न्हाई, म्हणून बिचारा बाहेर हाटेलात यायचा, फोन लावायचा, तवा कुठं मी भाकरी मोडायची. त्याचं ते, माझं पिठलं. एका पंगतीला बसल्यागत. आंबट हाय का रे, मीठ हाय का — मी विचारायची, तो सांगायचा. तेवढंच माझं दिवसाचं बोलणं. तुमी भाडेकरू सकाळी हेल्मेट घालून जाता ते अंधार पडल्यावर येता, हात हलवता अन जिना चढता. तुमचं काय चुकत न्हाई. पण लई एकटं वाटतं ग. बोलणार नव्हते, बोलले.

गेल्या दिवाळीपास्नं एक पांढरी भिंत आली. म्हणला, नवीन हाटेल हाय. बरं म्हणले. पण त्या हाटेलात दुसरं गिऱ्हाईक न्हाई, कुणाचं बोलणं न्हाई, भांड्याचा आवाज एकाच माणसाचा. अन एकदा डावीकडनं हात आला — बाईचा, बाही वर सारलेली, मनगट ओलं — अन त्याच्या ताटात आणखी वाढलं. न विचारता. त्यानं नको म्हणून ताटावर हात आडवा धरला तरी वाढलंच. हाटेलातली बाई असं वाढत न्हाई, पोरी. असं घरची वाढती. समदा जल्म वाढण्यात गेला माझा, मला हात कळतो.

राग? न्हाई, राग न्हाई आला. ती तिकडचीच असंल, आपल्यातली नसंल, एवढं कळतं मला. ह्या खोल्यांत कुठकुठल्या राज्याची माणसं राहून गेली, मी कुणाला जात विचारली? त्यानं फोन जरासा तिकडं फिरवायचा होता, बस. मी म्हणलेच असते, ये ग बाई, तू पण बस जेवायला. न्हाई फिरवला. मी विचारलं, कुठलं हाटेल हे? तर म्हणला, हाय एक, घराजवळ. अन गुढीपाडव्यापास्नं तर नुसता मेसेज — आई, माझ्यासाठी थांबू नको, तू येळेवर जेवून घेत जा. चांगल्यासाठीच म्हणतो. माझ्या जिवाची काळजी हाय म्हणूनच म्हणतो. पण मी अजून पाचलाच बसते. आधी बसले तर घास उतरत न्हाई.

म्हणून ही पिशवी. जड न्हाई, बघ उचलून. शेंगदाण्याची चटणी हाय, निम्मी तुझी. अन तळाला खण हाय, हळदीकुंकवाच्या पुड्या हायेत — ओटीचं. नारळ न्हाई घातला, विमानात अडवतील उगाच. अजिंक्यच्या हातात देऊ नको, तो लाजेल, कपाटात कोंबून ठेवील. तिच्याच हातात दे. घरी जा त्यांच्या. काही विचारू नको, नाव पण नको — न्हाई, नाव विचार. नाव विचार अन मला सांग. जेवून जा म्हणली तर थांब, लाजू नको, ती —

काय म्हणलीस?

पत्ता. हां, पत्ता. लाल भिंतीच्या हाटेलापास्नं — न्हाई, ते निराळं. घराजवळ म्हणला होता तो. आता घर कशाजवळ, ते मी... मधी खोली बदलली त्यानं, दोनदा बदलली. दिवाळीचा फराळ पाठवायचा तर म्हणायचा, कंपनीच्या पत्त्यावर टाक, घरी कुणी नसतं. घरी कुणी नसतं म्हणायचा. फोन? फोन केलास तर पळत येईल की, लई गुणाचा हाय. तुला आरशाच्या हाटेलात बसवील, आग्रह करकरून खाऊ घालील. घरी न्यायचा न्हाई. मला भिंतीपलीकडं न्हाई नेलं त्यानं, तुला कुठं नेतोय.

आण ती पिशवी इकडं. चटणी घे काढून, समदी घे, तुला व्हईल. खण राहू दे.

ऊठ आता, गाडी आली बघ तुझी, हॉर्न वाजवतोय तो. तुझी आई उदगीरला असती न्हवं? पोचल्या पोचल्या तिला राहायचा पत्ता कळव. पुरा कळव, दाराच्या नंबरासकट. तिला काय कामाचा म्हणतीस, तिला कुठं यायचंय तिकडं. असू दे तिच्याजवळ.

जा. दार ओढून घे जाताना.